तारकाकांचा हात

सरांच्या सत्काराला दोन मिनिटांची फिल्म दाखवायची असं ठरलं आणि ती करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. सव्वीस वर्षांत सरांची अशी कितीतरी कामं तिच्या गळ्यात पडली होती. त्यांची भाषणं तिनं लिहिली होती, त्यांच्या चष्म्याचा नंबर तिला पाठ होता, आणि पाहुण्यांसमोर ते "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही" असं म्हणाले की किती हसायचं, याचाही तिला सराव झाला होता.

"जुनी दृश्यं शोध," सर म्हणाले. "वॉर्ड, मशीन, डोक्याला तारा लावलेला एखादा पेशंट. लोकांना असलं बघायला आवडतं. चेहरा तेवढा पुसट कर म्हणजे झालं."

ती तळमजल्यावरच्या टेपांच्या खोलीत जाऊन बसली. त्या खोलीत वर्षानुवर्षं कुणी पाऊल टाकलं नव्हतं. भिंतींना बुरशी धरली होती. कपाटात जुन्या तारांचे जुडगे होते, त्यांचं रबर विरघळून चिकट झालेलं. एका पत्र्याच्या डब्यात डोक्याला लावायच्या पेस्टच्या अर्ध्यामुर्ध्या ट्यूबा पडल्या होत्या आणि त्यांच्या तोंडाशी कुणाकुणाचे केस वाळून बसले होते. तिनं नाक दाबून डबा दाराबाहेर ठेवला आणि हात तीनदा धुतले. टेपा मात्र व्यवस्थित होत्या, तारीखवार लावलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर गोल, वळणदार अक्षर.

ते अक्षर तारकाकांचं. तारकाका म्हणजे वॉर्डातले टेक्निशियन. रुग्णाच्या डोक्यावर मोजपट्टी लावून मोजमाप करायचं, एकवीस जागा पुसून घ्यायच्या, तिथं एकेक तार चिकटवायची आणि आत मेंदूत चालणारी विजेची खळबळ मशीनवर उतरवून घ्यायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. हे नाव त्यांना वॉर्डातल्या पोरांनी ठेवलं, मग मोठ्यांनीही तेच उचललं. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा एक भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांची बोळवण करण्यात आली होती.

वॉर्ड तसा अजबच. दोन खोल्या, प्रत्येकीत एक खाट आणि खाटेकडे रोखलेला एक कॅमेरा. अपस्माराचा रुग्ण आणून तिथं ठेवायचा, देखरेखीखाली त्याच्या गोळ्या कमी करत जायचं आणि झटका कधी येतो याची वाट बघायची. दुखणं मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते झटक्याच्या वेळीच कळतं, म्हणून हा खटाटोप. वॉर्डात रुग्ण असला की तारकाका रात्रीही तिथंच मुक्काम करायचे. बाकी सगळं जग ज्या गोष्टीला घाबरायचं, तिची इथं चातकासारखी वाट पाहिली जायची.

ती या वाटेला लागली होती ती धाकट्या भावामुळं. तो नऊ वर्षांचा असताना शाळेच्या रांगेत उभ्याउभ्या कोसळला होता. ती त्याच शाळेत, चार इयत्ता पुढं. धावत जाऊन बघते तो मास्तर त्याच्या दातांमध्ये चमचा खुपसत होते आणि पोरं गोल करून बघत होती. चमच्यानं त्याचा पुढचा दात मोडला. घरी आई म्हणाली, "ऊन लागलं असेल." बाबा म्हणाले, "बाहेर बोलू नका." पुढं दहा वर्षं घरात अपस्मार हा शब्द कुणी उच्चारला नाही. पाहुणे आले की धाकट्याला आतल्या खोलीत बसवायचे. त्या आतल्या खोलीची तिला तेव्हापासून चीड होती, आणि खरं सांगायचं तर तिचं सगळं शिक्षण, शिष्यवृत्त्या, प्रयोगशाळा, हे सगळं त्या खोलीचं दार मोडायला निघालेल्या एका मुलीचं होतं.

आणि अकरा वर्षांपूर्वी ते दार मोडलं असं तिला वाटलं होतं. एकोणीस रुग्णांचे चौतीस झटके तिनं आणि सरांनी तपासले. चौतीसपैकी एकतीस झटक्यांच्या आधी, साधारण अर्धा ते पाऊण मिनिट, आलेखावर एक संथ, रुंद लाट उठत होती. पाण्याच्या पोटात मोठा मासा वळावा तशी. सरांनी तिला पूर्वलहर असं नाव दिलं. लेख नामांकित नियतकालिकात आला, पहिलं नाव तिचं, शेवटचं सरांचं. मग एका कंपनीनं त्यावरून कपाळाला बांधायचा पट्टा काढला. पूर्वलहर उठली की पट्टा वाजणार, माणूस जागच्या जागी बसणार, पडणार नाही, भाजणार नाही. पहिल्या खेपेचा पट्टा तिनं स्वतःच्या हातानं धाकट्याच्या डोक्याला बांधला होता. तो आरशासमोर उभा राहून म्हणाला होता, "ताई, मी टेनिस खेळणाऱ्यासारखा दिसतोय की नाही?"

तर त्या दिवशी ती फिल्मसाठी टेप बघत होती. कॅमेऱ्याची दृश्यं तिनं पूर्वी कधी पाहिलीच नव्हती. तेव्हा कामाची वाटणी तशीच होती. दृश्य बघून झटक्याची सुरुवात ठरवायची ती एका दुसऱ्या डॉक्टरांनी, आणि ते सुरुवातीपासून पुढं बघायचे. तिच्याकडं यायचे ते नुसते आलेख आणि वेळा.

पहिल्या टेपेत एक तरुण मुलगी खाटेवर बसून मासिक चाळत होती. दार उघडलं, तारकाका आत आले, काही न बोलता तिच्या हातातलं मासिक काढून बाजूला ठेवलं, खाटेचा कठडा वर केला आणि आपला पसरट पंजा तिच्या डोक्यावर, तारांवर, दाबून ठेवला. मुलगी त्यांच्याकडं बघून काहीतरी पुटपुटली. मग तिची मान वळली, आणि झटका आला.

दृश्य छान होतं. माणुसकीचं होतं. तिनं ते फिल्मसाठी बाजूला काढलं.

दुसऱ्या टेपेत एक टकला गृहस्थ होता. तारकाका आले, कठडा, पंजा, झटका. तिसऱ्या टेपेत एक आजीबाई. तारकाका, कठडा, पंजा. चौथी टेप तिनं मध्येच थांबवली. तिनं वर जाऊन जुने आलेख काढून आणले, दृश्यावरची वेळ आणि आलेखावरची वेळ शेजारीशेजारी मांडली.

पंजा डोक्यावर टेकत होता तिथंच पूर्वलहर सुरू होत होती.

तारेवर दाब आला की आलेख असा संथ हेलकावे खातो, हे या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती स्वतः हे शिकवायची. लेख छापण्याआधी परीक्षकांनी हाच प्रश्न विचारला होता, लाट बाहेरच्या दाबामुळं तर नाही ना? आणि तिनं उत्तर लिहिलं होतं, "नोंदणी चालू असताना कर्मचारी रुग्णाला स्पर्श करत नाहीत." कुणाला न विचारता लिहिलं होतं. नियम तसा होता, म्हणून.

तिनं चौतीसच्या चौतीस टेपा पाहिल्या, दोन दिवस बसून. एकतीसमध्ये काका होते. उरलेल्या तीन एकाच आठवड्यातल्या होत्या, आणि त्या आठवड्यात काका रजेवर होते. तिथं लहरही नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती काकांच्या घरी गेली. काका गॅलरीत बसून एक जुना पंखा खोलत होते. काकू समोर मटार सोलत होत्या. तिला बघून दोघांची तारांबळ उडाली. खुर्ची पुसली, पाणी आणलं.

"काका, झटका येणार हे तुम्हाला आधी कळायचं?"

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कळायचं म्हणजे काय, दिसायचं. तुम्ही वर आलेखाकडं बघत बसायचात, मी माणसाकडं. काहींची बोटं अंगठ्यावर घासायला लागतात. काही जण उगाच गिळतात, दोनदा, तीनदा. ती मासिकवाली मुलगी होती ना, ती पान उलटायची थांबायची. नजर पानावरच, पण वाचत नाही."

"आणि मग तुम्ही डोक्यावर हात ठेवायचात."

"तारा निसटतात हो. एकदा झटका सुरू झाला की मान अशी हिसडते, निम्म्या तारा खाली. मग तुमचीच नोंद वाया. म्हणून आधीच धरून ठेवायचो. आणि जरा बरंही वाटतं पेशंटला." ते थांबले. मग साधेपणानं म्हणाले, "मी सांगितलं होतं की."

"कुणाला?"

"तुम्हाला. जिन्यात. तुम्ही घाईत होतात. म्हणालात, काका, वहीत लिहून ठेवा. मग मी लिहीत गेलो. प्रत्येक वेळी. हात ठेवला, इतके वाजून इतकी मिनिटं."

तिला जिना आठवला नाही. काका आठवले नाहीत. पण "वहीत लिहून ठेवा" हे आपलं वाक्य तिनं लगेच ओळखलं. बोलणाऱ्याला वाटेला लावायचं असलं की ती हेच म्हणायची. ऐकून तिला स्वतःचीच अशी शिसारी आली की काकूंनी पुढं केलेला चहा तिनं तसाच खाली ठेवला.

"वही कुठंय काका?"

"सरांनी मागून घेतली की. झाली त्याला सहासात वर्षं."

काकूंनी मटार सोलायचं थांबवून विचारलं, "काही चुकलं का हो यांचं?"

"नाही काकू," ती म्हणाली, "यांचं काही चुकलं नाही."

तिथून ती थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांचा चहा चालला होता. बशीत बिस्किटं होती. तिनं टेपा, आलेख, रजेचा आठवडा, सगळं एका दमात सांगितलं. सांगताना तिची अशी समजूत होती की सरांचा चेहरा पडेल, ते खुर्चीतून उठतील, निदान कप खाली ठेवतील.

सरांनी बिस्किट चहात बुडवलं. "बस ना. उभी का?"

"सर, पूर्वलहर नाहीये. तो काकांचा हात आहे."

"हं." बिस्किट मऊ होऊन तुटलं आणि अर्धं कपात पडलं. सरांनी चमच्यानं तो लगदा शोधून काढला आणि तोंडात घातला. "मला माहीत आहे."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्या दोन बाहेरच्या हॉस्पिटलांमधली चाचणी फसली तेव्हाच शंका आली मला," सर म्हणाले. "मग वही मागवली. वाचली."

ती चाचणी तिला चांगली आठवत होती. दुसऱ्या दोन शहरांत लहर काही केल्या दिसेना. तेव्हा सर बैठकीत म्हणाले होते, तिथल्या लोकांना तारा नीट लावता येत नाहीत, आपल्या तारकाकांच्या हाताची सर त्यांना कुठून येणार? सगळे हसले होते, तीही. ते आकडे मग कुठंच छापले गेले नाहीत.

"तुम्हाला सात वर्षं माहीत होतं?"

"आवाज खाली." सरांच्या ओठाच्या कोपऱ्याला बिस्किटाचा ओला कण चिकटला होता, तो बोलताना वरखाली होत होता. तिला तिथून नजर काढता येईना. "हे बघ, तू हुशार आहेस, पण तुला जगाची रीत कळत नाही. पट्ट्यानं कुणाचं नुकसान झालंय? उलट लोकांना धीर येतो. आत्मविश्वासानं बाहेर पडतात. धीर हेही औषधच आहे."

"लोक पट्ट्याच्या भरवशावर गोळ्या कमी करतात, सर."

"माहितीपत्रकात तसं कुठंही लिहिलेलं नाही." सरांनी रुमालानं तोंड पुसलं. "आणि लेखावर पहिलं नाव कुणाचं आहे? परीक्षकांना ते उत्तर कुणी लिहून दिलं? मी फक्त आठवण करून देतोय. आठ दिवस थांब. सत्कार होऊन जाऊ दे. मग आपण दोघं मिळून शांतपणे एक छोटं दुरुस्तीपत्र पाठवू. टेक्निशियननं शिस्त पाळली नाही, असं म्हणू. ते निवृत्त आहेत, त्यांना काय फरक पडतो?"

बाहेर आल्यावर तिनं बाथरूममध्ये जाऊन चूळ भरली. चहा घेतला नव्हता, तरी तोंडात तो गुळचट लगदा असल्यासारखं वाटत होतं.

आणि तरीही ती थांबली, हे इथं सांगितलंच पाहिजे. आठ दिवस म्हणजे फार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. घाईत लिहिलेलं पत्र कच्चं राहतं. आधी सगळे आलेख पुन्हा तपासावेत, कायदा जाणणाऱ्या कुणाला तरी विचारावं. खरं कारण एकच, तिला भीती वाटत होती. सव्वीस वर्षांचं काम, तेही एका पंजाखाली चिरडलेलं, हे जगाला सांगायचं कसं? रविवारी तिनं धाकट्याला फोन केला. तो एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होता आणि एकटा राहायचा.

"गोळ्या वेळेवर घेतोस ना?"

"घेतो गं."

"दोन्ही वेळच्या?"

"अगं, सकाळची सोडलीय कधीची. झोप येते कामावर. आणि पट्टा आहे ना! चार महिन्यांत एकदाही वाजला नाही, म्हणजे बघ."

सांगायचा क्षण हाच होता. फोन कानाला, जीभ टाळूला. "सकाळची पण घेत जा," एवढंच ती म्हणाली, आणि मग हवापाण्याचं बोलली.

मंगळवारी सकाळी त्याच्या शेजारणीचा फोन आला. धाकटा अंघोळीला गेला असताना पडला होता. कढत पाण्याची बादली अंगावर आली. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत आणि छातीचा एक भाग भाजला होता. दार तोडून बाहेर काढलं तेव्हा पट्टा डोक्यालाच होता, पाण्यात चालेल असं कंपनीनं लिहिलेला, आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. सगळं ठीक असल्याचा दिवा.

भाजलेल्यांच्या वॉर्डात मलम आणि जळकट मांसाचा मिळून एक वास असतो. तो वास नाकात घेऊन ती त्याच्या खाटेपाशी बसली. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय म्हणाला असेल?

"वाजला नाही गं ताई. सैल बांधला असेन मी. माझंच चुकलं."

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. काका, पंजा, वही, सर. तो छताकडं बघत ऐकत होता. तिचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"गेल्या आठवड्यात."

"रविवारी फोन केलास तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

त्यानं छतावरची नजर काढून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आईबाबा निदान अडाणी होते." आणि तोंड भिंतीकडं केलं. "जा तू. नर्सला पाठव, पाणी हवंय."

"मी देते ना पाणी."

"नर्सला पाठव."

नर्सला निरोप देऊन ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली. शेजारी एक माणूस कागदी पुड्यातलं काहीतरी मचमच करत खात होता. तिनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. त्याला आठ दिवसही पुरणार नाहीत अशी तिची समजूत होती. पत्राला चाळीस मिनिटं लागली. त्यात तिनं परीक्षकांना दिलेलं खोटं उत्तर स्वतःच्या नावावर घेतलं, टेपांच्या तारखा दिल्या, आणि टेक्निशियननं आपलं काम चोख केलं होतं व प्रत्येक वेळी लेखी नोंद केली होती, हे वाक्य दोनदा लिहिलं. मग तेच पत्र संस्थेला, कंपनीला आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याला पाठवलं.

सत्कार व्हायचा तो झालाच. फिल्म दुसऱ्या कुणीतरी केली. हार-गुच्छांच्या ढिगामागं बसलेल्या सरांचा फोटो संस्थेच्या दारात लागला. तिचा फोन त्यांनी उचलला नाही, पण तिच्या खोलीचं कुलूप बदलल्याचं तिला पहारेकऱ्याकडून कळलं. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "मॅडम, मला नुसतं सांगितलंय तसं करायला."

चौकशी समिती बसली. तीन माणसं, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. काकांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात ते भिंतीवरचं घड्याळ मिळाल्याचं प्रमाणपत्र घेऊन आले होते. त्यांना वाटलं, लागलं तर असू द्यावं.

"नोंदणी चालू असताना तुम्ही रुग्णांना हात लावत होता?" समितीतल्या चष्मेवाल्यानं विचारलं.

"लावत होतो."

"कुणाच्या परवानगीनं?"

काका गोंधळले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग टेबलाकडं. "साहेब, माणूस पडायला आला की हात पुढं होतोच. तुमचा नाही होणार?"

चष्मेवाल्यानं ते लिहून घेतलं नाही. वहीचा विषय निघाला तेव्हा सर अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले की अशी वही आपल्या पाहण्यात आलेली नाही. म्हणताना त्यांनी छातीवर हात ठेवला. तिनं आयुष्यात साप, पाली, पू भरलेल्या जखमा, सगळं पाहिलं होतं, पण त्या छातीवरच्या हाताइतकं किळसवाणं काही पाहिलं नव्हतं. "सर, तुम्ही माझ्यासमोर कबूल केलंय," ती उभी राहून म्हणाली. सरांनी समितीकडं बघून समजूतदारपणे मान हलवली. "भावाला अपघात झालाय त्यांच्या. मनावर परिणाम झालेला आहे." तिघांच्याही चेहऱ्यावर कीव आली.

अहवालात ठपका आला तो "निवृत्त तंत्रज्ञाच्या अनधिकृत वर्तनावर" आणि तिच्या निष्काळजीपणावर. सरांना समज देण्यात आली, ती कसली, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. लेख मागं घेतला गेला. सूचना चार ओळींची. अहवालावर तिनं सही केली नाही. राजीनामा दिला आणि काकांच्या घरी जाऊन त्यांचे पाय धरायला वाकली, तर ते दचकून मागं सरले. "अहो, असलं काय करता! मला काय, मी पंखे दुरुस्त करतो. मला सांगा, तो पट्टा बंद झाला का?"

बंद झाला नव्हता. कंपनीनं झटक्याचा उल्लेख काढून टाकला, रंग बदलला आणि "मेंदूच्या आरोग्यासाठी" असं मोघम काहीतरी छापून तोच पट्टा पुन्हा बाजारात आणला. सर त्यांचे सल्लागार झाले. औषधांच्या दुकानात मात्र विकणारे जुनंच सांगत होते, आणि घेणारे जुनंच समजत होते.

तिला एका साध्या सार्वजनिक दवाखान्यात काम मिळालं. संशोधन वगैरे काही नाही. रांगेतल्या माणसांच्या डोक्याला तारा लावायच्या, आलेख काढायचा, डॉक्टरांना द्यायचा. सुरुवातीला पेस्टचा वास आला की ती नाकाला रुमाल लावायची. आठवड्यातून एकदा काका येऊन बसायचे. आलेख बघायचा सोडून ती त्यांच्या सांगण्याप्रमाणं माणसं बघायला शिकत होती. कुणाची बोटं, कुणाचं गिळणं. पन्नाशी उलटल्यावर.

धाकटा तिच्याशी सात महिने बोलला नाही. कातडी बसवायच्या तिन्ही शस्त्रक्रियांना ती बाहेर बसून असायची, तो तिला आत बोलवायचा नाही. मग एकदा, कसलीही प्रस्तावना न करता, त्याचा फोन आला. "गोळ्या संपल्यात. ज्या दुकानात मिळतात ते तुझ्या दवाखान्याजवळ आहे. येतेस का?"

दुकानात त्यांच्या पुढं एक बाई होती, कडेवर चारेक वर्षांची मुलगी. दुकानदार तिला पट्ट्याचं खोकं उघडून दाखवत होता. "आधी वाजतो बघा. मग तुम्ही निर्धास्त."

"ताई, हा घेऊ नका," तिच्या तोंडून गेलं. "हा वाजत नाही. वाजला तरी त्याला अर्थ नाही. मुलीच्या गोळ्या चालू ठेवा."

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या का?"

"मीच शोधून काढला होता हा."

दुकानदार हसला. बाईही हसली, जरा घाबरून, वेड्या माणसाला हसावं तशी. तेव्हा धाकट्यानं शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर सारली. गुलाबी-जांभळी, चुण्या पडलेली, मेणासारखी चकाकणारी कातडी. "हा डोक्याला बांधलेला होता तेव्हा झालं हे," तो म्हणाला.

"शी!" बाई किंचाळली आणि मुलीचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. "लहान मूल आहे समोर, कळत नाही? काय माणसं असतात!" तिनं खोकं घट्ट धरलं, पैसे टेबलावर टाकले आणि तरातरा निघून गेली.

धाकट्यानं बाही खाली केली, बटण लावलं. आपल्या गोळ्या मोजून घेतल्या. दोघं रस्त्यावर आली. दहा पावलं चालल्यावर तिनं विजेच्या खांबाला हात टेकला आणि ती वाकली.

"ओकायचं असेल तर ओक," धाकटा म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडं पाठ करून, तिचं होईपर्यंत, तिला आडोसा करून उभा राहिला.